केमोचे जुलाब आणि आतड्यातले जंतू : बांबोळीच्या फेऱ्यांमधून जे कळत गेले

ज्यांना फोल्फिरी ही मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरची केमो सुरू होणार आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणाला सुरू झाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. केस जातील, मळमळेल, तोंड येईल हे सांगणारी माणसे मला पुष्कळ भेटली. पोटाचे काय होते, का होते आणि त्यात आपल्याच आतड्यातल्या जंतूंचा किती मोठा हात असतो, हे मात्र तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. मी डॉक्टर नाही, गोव्यात फोंड्याच्या एका पतसंस्थेत हिशेब पाहते; माझे उपचार बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये झाले. जे वाचले ते डॉक्टरांना विचारून पक्के करून घेतले आहे. तरीही इथला कुठलाही डोस स्वतःवर लावू नका. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला असेल तोच.

२०२३ च्या जुलैत पतसंस्थेचा जिना चढताना धाप लागू लागली. हिमोग्लोबिन साडेसात निघाले. ऑगस्टअखेर कोलोनोस्कोपी झाली आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ दिसली. बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठवड्याहून जास्त लागला, आणि मला विचाराल तर सगळ्या उपचारात तो आठवडा सर्वांत वाईट. सीटी स्कॅनमध्ये यकृतातही दोन डाग होते. चवथ १९ सप्टेंबरला होती. दीड दिवसाचा गणपती दरवर्षीसारखाच बसवला, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) मुलाने बांधली, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आतड्याची शस्त्रक्रिया झाली.

त्यानंतरचा महिना कागदपत्रांत गेला. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेच्या कार्डाची मुदत संपत आली होती. गोव्यात निदान पाच वर्षे राहिलेल्यांना हे कार्ड मिळते, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसे असतील तर चार लाखांचे संरक्षण असते. आजार कळायची वाट न पाहता त्याचे नूतनीकरण करून ठेवा. ऐन धावपळीत आधार, रहिवासी पुरावा आणि फोटो शोधत बसणे फार जड जाते. प्रत्येक रिपोर्टच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा. आणि जुने रिपोर्ट फेकू नका, अगदी पाच वर्षांपूर्वीचे साधे रक्ततपासणीचे कागदसुद्धा. का ते पुढे येईलच.

नोव्हेंबरच्या मध्याला छातीच्या कातडीखाली केमो पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडण्याची छोटी डबी, बसवला. तो बाहेरून आणावा लागला, अठरा हजारांच्या आसपास पडला. केमोचा पहिला दिवस ठरला २८ नोव्हेंबर, मंगळवार. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताआधीच्या प्रार्थनांची गर्दी सुरू झालेली. फोंड्याहून बाणस्तारीमार्गे बांबोळीला जाणाऱ्यांनी त्या दिवसांत तासभर आधी निघावे.

फोल्फिरीत तीन औषधे असतात : इरिनोटेकान, ल्युकोव्होरिन आणि फाइव्ह-एफयू. पहिले काही तास डे-केअरमध्ये सलाइनमधून, आणि मग फाइव्ह-एफयूचा उरलेला भाग पोर्टला जोडलेल्या पंपातून ४६ तास. हा पंप म्हणजे हातात मावेल अशी प्लास्टिकची बाटली. आत औषधाने फुगलेला फुगा असतो आणि तो सावकाश आकसत जातो. वीज नाही, आवाज नाही. एक पंप साधारण बावीसशे रुपयांना मिळत होता. तो गळ्यातल्या पिशवीत घेऊन घरी जाता येते, स्वयंपाकघरात उभे राहता येते.

इरिनोटेकान चालू असतानाच मला दरदरून घाम फुटला, नाक वाहू लागले आणि पोटात पीळ पडला. सिस्टरनी डॉक्टरांना विचारून अॅट्रोपिनचे इंजेक्शन दिले आणि थोड्याच वेळात सगळे थांबले. हा त्रास लवकरचा. तो मज्जातंतूंवरच्या परिणामामुळे होतो, जंतूंचा त्यात संबंध नाही. उशिराचे जुलाब वेगळे, आणि तेच जास्त धोक्याचे. निघताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले : चोवीस तासांनंतर कधीही पहिली पातळ शौच झाली की लोपरामाइडच्या दोन गोळ्या, मग दर दोन तासांनी एक, रात्री दर चार तासांनी दोन, बारा तास शौच झाली नाही की बंद. अठ्ठेचाळीस तासांच्या पुढे न्यायचे नाही. एरवीच्या जुलाबांसाठी हा डोस नाही, केवळ या औषधासाठी आहे. गोळ्यांची पट्टी तीस रुपयांच्या आत येते. दोन पट्ट्या पहिल्याच दिवशी घरात असू द्या, कारण हे बहुधा रात्री सुरू होते आणि तेव्हा गावातली फार्मसी बंद असते.

मला ते २ डिसेंबरच्या रात्री सुरू झाले. चिठ्ठीप्रमाणे गोळ्या घेतल्या, ओआरएस घोट घोट घेत राहिले, तरी पहाटेपर्यंत उभे राहवेना. सकाळी ताप १००.८. डॉक्टरांनी बजावलेले होते की १००.४ च्या वर ताप गेला तर फोनवर विचारत बसायचे नाही, सरळ यायचे. ३ तारीख, म्हणजे नेमका फेस्ताचा रविवार. जुन्या गोव्यातून गाडी पुढे सरकली नसती, म्हणून नवऱ्याने बोरीवरून लोटली, वेर्णा करत झुआरी पुलावरून गाडी घेतली. मागच्या सीटवर प्लास्टिक, त्यावर जुनी लुगडी, बाजूला बादली आणि पाण्याची बाटली. हे लिहायला संकोच वाटतो, पण ज्याला गरज पडेल त्याला ही यादी उपयोगी पडेल. प्रौढांचे डायपर आधीच आणून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

दाखल करून घेतले. पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या, पोटॅशियमही. शौचाचा नमुना क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या जंतूच्या विषासाठी तपासायला पाठवला. तसा संसर्ग असेल तर लोपरामाइडने विष आतच कोंडले जाते, म्हणून ते तपासतात. तो निगेटिव्ह आला. सलाइन, पोटॅशियम, पेशी वाढवण्याची इंजेक्शने आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाले. पेशी कमी असताना ताप येणे हे जिवावरचे दुखणे असते, तिथे अँटिबायोटिक हवेच. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जंतूंना जपण्याबद्दल लिहिणार आहे आणि त्याचा कुणी भलता अर्थ काढू नये.

ताप उतरल्यावर एका सकाळी वरिष्ठ डॉक्टर माझी फाइल चाळत होत्या. नवऱ्याने २०१९ चे आणि २०२१ चे आरोग्य तपासणीचे कागदही तिच्यात लावले होते. एका कागदावर त्या थांबल्या. बिलिरुबिन (काविळीत वाढते ते पिवळे द्रव्य) १.९, यकृताचे बाकी सगळे आकडे ठीक. दुसऱ्या कागदावर १.७, बाकी ठीक. “तुमच्याकडे कुणाचे डोळे मधूनमधून पिवळसर दिसतात का?” माझ्या बाबांचे दिसायचे. उपास केला किंवा ताप आला की हमखास. “मग आपण यूजीटी तपासणी करू,” त्या म्हणाल्या आणि राउंडवर पुढे गेल्या.

त्यांच्यासोबतचा तरुण डॉक्टर दुपारी परत आला, स्टूल ओढून बसला आणि केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर त्याने एक चित्र काढले. वर यकृत, खाली आतडे, मध्ये पित्तनळी. “काकी, हे बघा,” असे म्हणत त्याने जे समजावले, ते मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आले आहे.

इरिनोटेकान स्वतः फारसे काम करत नाही. शरीरात त्याचे रूपांतर एसएन-३८ नावाच्या पदार्थात होते आणि कॅन्सरच्या पेशींना मारतो तो हा. मूळ औषधाच्या कितीतरी पट जहाल. त्याचे काम झाले की यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडते. हे साखरेपासून बनलेले आम्ल. ते जोडले की एसएन-३८ निष्प्रभ होते आणि पित्ताबरोबर आतड्यात येते, शरीराबाहेर जायला. इथवर यकृताची करामत. पण आतड्यात अब्जावधी जंतू बसलेले असतात, आणि त्यांतल्या अनेकांकडे बीटा-ग्लुकुरॉनिडेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. त्या विकराने ते साखरेचा भाग तोडून घेतात, कारण तो त्यांचे अन्न आहे. लहान मूल गोळीवरचा गोड लेप चाटून घेते आणि कडू गोळी तशीच टाकून देते, तसे. उरलेला एसएन-३८ पुन्हा जहाल होतो, आणि आता तो ट्यूमरजवळ नसून आतड्याच्या नाजूक अस्तरावर असतो. अस्तराच्या पेशी भराभर वाढणाऱ्या, म्हणून त्या आधी मरतात. पाच-सहा दिवसांनी जुलाब लागतात ते यामुळे.

म्हणजे औषध किती बाधणार हे दोन ठिकाणी ठरते. यकृत साखर किती पटपट जोडते, आणि जंतू ती किती तोडतात. पहिल्याची तपासणी करता येते, ती ही यूजीटी१ए१; साखर जोडणाऱ्या यकृतातल्या विकराचे आणि त्याच्या जनुकाचे हे नाव. दुसरे माणसागणिक बदलते. एकाच वॉर्डात एकच डोस घेतलेल्या दोघींपैकी एक पेज खाऊन बसलेली असते आणि दुसरी सलाइनवर असते, त्यामागे हेही एक कारण असते. हे ऐकल्यावर मला एक गोष्ट फार बरी वाटली : माझी सहनशक्ती कमी पडली असे काही नव्हते.

तपासणी साधी, रक्ताची. नमुना राज्याबाहेर जातो, साडेसहा हजार लागले. एका खासगी संकलन केंद्राने चुकीच्या नळीत रक्त घेतले आणि नमुना परत आला. जांभळ्या झाकणाची नळी लागते, ती घेताना नजर ठेवा. दुसऱ्यांदा पाठवला तोवर नाताळच्या सुट्ट्या आल्या. रिपोर्ट वर्षाच्या शेवटी हातात पडला : स्टार २८ (या जनुकातल्या एका बदलाचे नाव), जनुकाच्या दोन्ही प्रतींत. या जनुकाच्या सुरुवातीला टीए ही डीएनएच्या अक्षरांची जोडी एरवी सहा वेळा असते, माझ्यात ती सात वेळा आहे, आई आणि बाबा दोघांकडूनही आलेली. त्यामुळे साखर जोडणारे ते विकर कमी तयार होते. एरवी याचा त्रास काहीच नाही. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात, बिलिरुबिन जरा वर राहते एवढेच. इरिनोटेकानला मात्र फरक पडतो. अमेरिकेत २००५ पासून या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेले आहे की अशा रुग्णांना सुरुवातीचा डोस कमी द्यावा. भारतीयांत हा बदल दुर्मीळ नाही. ही तपासणी सगळीकडे सरसकट होत नाही. म्हणून केमो ठरते त्या दिवशीच “यूजीटी तपासणी माझ्यासाठी उपयोगी आहे का?” असे नम्रपणे विचारा. जुने बिलिरुबिन जास्त असेल तर नक्कीच.

इरिनोटेकानचा डोस कमी करून दुसरी केमो ९ जानेवारीला झाली. मधल्या दिवसांत घरी सल्ल्यांचा पूर आला होता. थोरल्या जाऊबाई माशेलहून आल्या, त्यांच्या हातात प्रोबायोटिक कॅप्सूलची डबी आणि पोट साफ करणारे एक चूर्ण. “अगं, जंतूंनीच घोळ केला ना? मग चांगले जंतू भर आणि वाईट काढून टाक.” त्यांचा जीव तुटत होता, ते मला कळत होते. मी डबी जशीच्या तशी बांबोळीला नेली. डॉक्टर म्हणाल्या, पेशी कमी असताना आणि छातीत पोर्ट असताना जिवंत जंतूंची कॅप्सूल नको, क्वचित का होईना ते रक्तात शिरल्याची उदाहरणे आहेत. शिवाय कुठला जंतू दिल्याने हे विकर कमी होईल याची खात्री अजून कुणी देऊ शकत नाही. घरी लावलेले ताजे दही दोन चमचे चालेल, बाहेरचे ताक नको, आणि जुलाब असतील तेव्हा दूध पूर्ण बंद. चूर्णाला तर साफ नकार.

मग मी विचारले, अँटिबायोटिक देऊन हे जंतू आधीच मारून का टाकत नाही? तसे प्रयोग झाले आहेत, पण तो नेहमीचा उपचार झालेला नाही. सगळे जंतू मारले की रिकाम्या जागी डिफिसाइलसारखे दांडगे शिरतात, आणि जे जंतू आपले अस्तर जपतात तेही जातात. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या मॅथ्यू रेडिन्बो यांच्या गटाने वेगळी वाट दाखवली : जंतू न मारता त्यांचे तेवढे एक विकर अडवणारे रेणू. उंदरांमध्ये इरिनोटेकानचे जुलाब त्यामुळे कमी झाले. आपल्या फार्मसीत असे औषध अजून मिळत नाही, पण कुणीतरी नेमके याच्यावर काम करते आहे, हे वाचूनच मला त्या रात्री शांत झोप लागली होती.

याच काळात मोबाइलवर नरक्याच्या सालीच्या पावडरीचे संदेश येऊ लागले. नरक्या हे आपल्या सह्याद्रीतले झाड, आणि त्यात कॅम्पटोथेसिन खरोखरच असते. इरिनोटेकान त्याच कॅम्पटोथेसिनपासून बनवतात. ते पहिल्यांदा वेगळे केले १९६६ मध्ये अमेरिकेत, एका चिनी झाडातून, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी मूळचे नंदुरबारचे. पण कॅम्पटोथेसिन माणसांना थेट देऊन पाहिले तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव आणि भयंकर जुलाब झाले, आणि १९७० च्या दशकात ते प्रयोग थांबवावे लागले. त्यातून सुसह्य औषध काढायला पुढे बरीच वर्षे लागली. ते काम जपानच्या याकुल्ट कंपनीत झाले, तीच जी आतड्यासाठी जंतूंचे पेय बनवते. जपानमध्ये १९९४ ला आणि अमेरिकेत १९९६ ला त्याला मंजुरी मिळाली. तेव्हा सालीची पावडर कुणी आणून दिली तर हात जोडून परत करा. झाडही वाचेल, आधीच त्याची बेसुमार तोड झाली आहे.

औषधाला औषध कसे बाधते आणि मध्ये जंतू कसे येतात, याचे सर्वांत दुःखद उदाहरण १९९३ चे, जपानमधले. नागिणीवर सोरिव्ह्युडीन नावाचे औषध बाजारात आले. आतड्यातले जंतू त्याचा असा पदार्थ करत की तो फाइव्ह-एफयूची विल्हेवाट लावणारे यकृतातले विकर बंद पाडी. जे कॅन्सर रुग्ण दोन्ही घेत होते त्यांच्या अंगात फाइव्ह-एफयू साठत गेले, आणि अनेक रुग्ण दगावले. ते औषध मागे घेतले गेले. माझ्या पंपात फाइव्ह-एफयूच होते. हे वाचल्यापासून दातदुखीची गोळीसुद्धा मी विचारल्याशिवाय घेतली नाही.

डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर म्हापशाचे एक काका असत. त्यांना फुफ्फुसाच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध उभे करणारे औषध, चालू होती. त्यांनाही हीच ताकीद होती, घशाला जरा खवखवले म्हणून परस्पर अँटिबायोटिक घ्यायचे नाही. २०१८ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या गटांनी दाखवले की इम्युनोथेरपीचा गुण येणे न येणे आतड्यातल्या जंतूंशी निगडित आहे, आणि उपचाराच्या सुमारास अँटिबायोटिक घेतलेल्यांना गुण कमी येताना दिसला. २०२१ मध्ये तर मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) काही रुग्णांना, ज्यांना औषध लागू पडत नव्हते, गुण आलेल्या रुग्णांच्या शौचातले जंतू दिल्यावर त्यांपैकी काहींना ते लागू पडले. काकांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, “म्हणजे पोटाकडे लक्ष द्यायला हवे तर.” त्यांची केमो नव्हती, माझी इम्युनोथेरपी नव्हती, पण वही आम्ही दोघांनीही ठेवली.

ती वही अशी : तारीख, केमोचा कितवा दिवस, शौच किती वेळा आणि कशी, ताप, वजन, काय खाल्ले, कुठली गोळी किती वाजता. त्यातून महिनाभरात माझे पोट मला कळू लागले. पाचव्या ते आठव्या दिवशी उकड्या तांदळाची पेज, मीठ, केळे, शहाळ्याचे पाणी, मऊ भात आणि मुगाचे वरण. सोलकढी, तिखट हुमण, कच्ची कोशिंबीर आणि नाचणी त्या चार दिवसांत बंद, बाकीच्या दिवसांत हळूहळू परत. बुरणूस घेऊन पडून राहण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने दोन घोट पाणी महत्त्वाचे. डॉक्टरांकडे पाच मिनिटेच मिळतात. “पोट बिघडते” म्हणण्याऐवजी वही उघडून दाखवली की त्या पाच मिनिटांत निर्णय होतो. एकदा वहीमुळेच पुढची केमो आठवडाभर पुढे ढकलली गेली.

जानेवारीनंतरही जुलाब झाले, पण घरी आटोक्यात राहिले, पुन्हा दाखल व्हावे लागले नाही. मार्चमध्ये, शिगम्याच्या सुमारास झालेल्या स्कॅनमध्ये यकृतातले दोन्ही डाग आकसलेले दिसले. डोस कमी केला म्हणजे गुण कमी येईल, ही भीती मी तोवर मनात धरून होते. डॉक्टरांनी तेव्हा समजावले की माझ्या रक्तात एसएन-३८ जास्त काळ टिकते, त्यामुळे कमी डोसही माझ्यासाठी कमी नाही.

यकृताची शस्त्रक्रिया मे महिन्यात झाली, उरलेल्या केमो पावसाळ्यात संपल्या. यूजीटीचा रिपोर्ट लॅमिनेट करून फाइलच्या पहिल्या पानावर ठेवला आहे, आणि माझ्या भावालाही त्याची एक झेरॉक्स दिली आहे, कारण हे जनुक घरातच आहे. आता दर तीन महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी असते, मधूनमधून पोर्ट धुऊन घ्यायला बांबोळीला जाते. पोर्ट कधी काढायचा ते पुढच्या स्कॅननंतर ठरेल.